जागा संपली, आता काय? फुकटची साठवण की महिन्याचं भाडं

काकूने फोन माझ्यापुढे धरला. "हे बघ, सकाळपासून तीनदा आलंय. आता हे माझे फोटो पुसणार का?" पडद्यावर सूचना होती: साठवणीची जागा ९८ टक्के भरली आहे, जास्त जागा हवी असेल तर विकत घ्या. त्याआधी दोन दुपारी खर्चून तिने स्वतःच उपाय करून पाहिला होता. २०१८ सालच्या अष्टविनायक यात्रेचे सहाशेएक फोटो एकेक करून उडवले होते. आकडा मात्र ९८ वरच. "एक टक्काही हलला नाही. फसवतात मेले."

फसवत कोणी नव्हतं. पण आकडा का हलला नाही हे कळायला थोडं मागे जावं लागतं, आणि मागे गेलं की ‘पैसे भरू की फुकटात भागवू’ या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं हाती लागतं.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा माळा

फोटो ‘क्लाउडवर’ आहेत असं आपण म्हणतो तेव्हा ते ढगात नसतात. कुठल्यातरी कंपनीच्या इमारतीत रात्रंदिवस चालू असलेल्या संगणकांवर असतात. त्या संगणकांना सर्व्हर म्हणतात. आपल्या घरी जागा नाही म्हणून मामाच्या माळ्यावर ट्रंक ठेवावी, तसं हे आहे. ट्रंक आपली, माळा मामाचा. मामा प्रेमळ असला तरी उद्या घर विकायचं की नाही हे तोच ठरवणार.

या माळ्यावर आपण तीन वेगवेगळी कामं करतो आणि तिन्हींना एकच नाव देतो, म्हणून घोटाळा होतो. पहिलं काम साठवणीचं: फोनमध्ये मावत नाही म्हणून तिकडे ठेवलं. दुसरं दाखवण्याचं: लग्नाचे फोटो लिंक पाठवून नातेवाइकांना दाखवले, किंवा वेबसाइटवर लावले. याला होस्टिंग म्हणतात. तिसरं बॅकअपचं, म्हणजे मूळ प्रत हरवली तरी दुसरी हाताशी असावी. बहुतेक अॅप पहिली दोन कामं छान करतात. तिसरंही आपोआप होत असेल असं आपण धरून चालतो, आणि तिथेच पाय घसरतो.

कसा? फोन आणि क्लाउड एकमेकांशी जुळवून ठेवण्याला सिंक म्हणतात. सिंक आरशासारखं असतं. तुम्ही इकडे टिकली काढली की आरशातलीही जाते. फोटोंच्या अॅपमधून एखादा फोटो डिलीट केला की तो क्लाउडवरूनही कचरापेटीत जातो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, अॅपलच्या आयक्लाउडमध्ये ३० दिवस. मग कायमचा जातो. ‘फोनमध्ये जागा करते, क्लाउडवर आहेतच की’ असं म्हणून अॅपमधूनच डिलीट करणारे किती जण असे पोळलेत! फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्यासाठी गूगलच्या अॅपमध्ये वेगळं बटण आहे. ते फक्त फोनमधली प्रत काढतं. काकूचे अष्टविनायक त्या ६० दिवसांच्या आत होते म्हणून परत आले.

फुकट द्यायला परवडत कसं होतं?

गूगल फोटोज मे २०१५ मध्ये सुरू झालं तेव्हा एक भन्नाट गोष्ट दिली होती: फोटो थोडे आटोपशीर करून ठेवू, १६ मेगापिक्सेलपर्यंत, पण कितीही ठेवा, पैसे नाहीत. अँड्रॉइड फोन विकत घेतलेल्या अर्ध्या महाराष्ट्राला तर हे आपण निवडलंय हेही माहीत नव्हतं. दुकानदाराने फोन चालू करून देताना ‘ओके, ओके’ दाबलं आणि फोटो वर जायला लागले.

फोटो चढवणं हे एकदाचं काम, सांभाळणं मात्र रोजचं. धान्य कोठीत एकदाच भरतो, पण कीड लागू नये म्हणून वर्षभर उन्हं दाखवावी लागतात, कडुनिंबाचा पाला घालावा लागतो. सर्व्हरचंही तसंच. वीज चालू, थंड ठेवण्याची यंत्रणा चालू, डिस्क बिघडतात त्या बदलायच्या, शिवाय एकेका फोटोच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जागी. तुम्ही २०१६ मध्ये काढलेला आणि परत कधीच न उघडलेला वडापावचा फोटोसुद्धा आज वीज खातोय.

नोव्हेंबर २०२० मध्ये गूगलने आपल्याकडचा साठा जाहीर केला: ४ लाख कोटींहून जास्त फोटो आणि दर आठवड्याला २,८०० कोटी नव्या फोटो-व्हिडिओंची भर. त्याच घोषणेत सांगितलं की १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट बंद. तेव्हापासून प्रत्येक खात्याला मिळून १५ जीबी, आणि त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळे एका ताटात.

माझ्या मते यात खलनायक शोधण्यात अर्थ नाही. पण ‘फुकट’ हा शब्द कंपनी वर्तमानकाळात वापरते आणि आपण भविष्यकाळात ऐकतो, हे खरं.

काकूचा आकडा का हलला नाही?

नियम बदलला तेव्हा गूगलने एक सवलत ठेवली. १ जून २०२१ च्या आधी आटोपशीर दर्जात चढवलेले फोटो १५ जीबीत मोजले जात नाहीत, आजही नाहीत. अष्टविनायक २०१८ चे, आटोपशीर दर्जातलेच. ते मुळात हिशोबातच नव्हते. सहाशेच काय, सहा हजार उडवले असते तरी फरक पडला नसता. काकूला फोटो उडवून जागा करायची तर जून २०२१ नंतरचेच उडवायला हवेत.

मग जागा खाल्ली कोणी? बसून पाहिलं. पहिला मानकरी व्हॉट्सअॅप. पूर्वी अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअप गूगलच्या जागेत मोजला जात नसे. डिसेंबर २०२३ पासून तो टप्प्याटप्प्याने मोजायला लागले. काकूच्या भिशी ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज येणारी सूर्योदयाची शुभ सकाळ आणि नाचणारी नातवंडं, सगळं त्यात. बॅकअपमधून व्हिडिओ वगळायचं एक बटण असतं. ते दाबलं, नवा बॅकअप घेतला आणि तीन जीबी मोकळी झाली.

दुसरा मानकरी व्हिडिओ. फोनचा एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. ४ एमबी धरला तर १५ जीबीत पावणेचार हजार फोटो मावतात. कमी नाहीत. पण फोर-के दर्जाचा एका मिनिटाचा व्हिडिओ, फोनच्या सेटिंगप्रमाणे, १७० ते ४०० एमबी खातो. नातीच्या गॅदरिंगचा दहा मिनिटांचा नाच म्हणजे चारशे ते हजार फोटोंची जागा. त्यातली पहिली तीन मिनिटं पुढच्या खुर्चीवरच्या गृहस्थांच्या टकलाची.

आणि हो, जागा भरली म्हणून लगेच कोणी काही पुसत नाही. नवे फोटो चढायचे थांबतात आणि, काकूला ठाऊक नसलेली गोष्ट, जीमेलवर ईमेल येणंही थांबतं. विजेचं बिल, बँकेचं पत्र, सगळं परत जातं. पुसण्याचा नियम लांबचा आहे: मर्यादेच्या वर दोन वर्षं राहिलात, किंवा दोन वर्षं खातं उघडलंच नाही, तर गूगल मजकूर काढू शकतं. आपल्याला याची सहसा भीती नाही. पण आजोबांचं जुनं खातं, ज्याचा पासवर्ड फक्त त्यांनाच ठाऊक होता, त्याला आहे.

"एवढ्या मोठ्या कंपन्या बुडणार थोड्याच?"

बुडण्याची गरजच नसते. मन बदललं तरी पुरतं.

ऑर्कुट आठवतं? कॉलेजच्या एका पिढीचे पहिले डिजिटल फोटो तिथे होते. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. फोटो उतरवून घ्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती. ज्यांना आठवण राहिली त्यांनी घेतले. गूगलचंच पिकासा २०१६ मध्ये गुंडाळलं गेलं. मायस्पेसने २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर हलवताना तीन वर्षांपेक्षा जुने फोटो, व्हिडिओ आणि गाणी गेली. गेली म्हणजे गेलीच.

फ्लिकरची गोष्ट जास्त शिकवणारी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. हौशी फोटोग्राफरांचं हे लाडकं ठिकाण २००४ मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी याहूने घेतलं. २०१३ मध्ये याहूने प्रत्येकाला एक टीबी, म्हणजे हजार जीबी, फुकट देऊन टाकली. लोकांनी संसारच थाटले. एप्रिल २०१८ मध्ये ते स्मगमग या कंपनीकडे आलं. ही कंपनी पहिल्यापासून ग्राहकाकडून पैसे घेऊनच फोटो सांभाळणारी. तिने नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं: फुकट खात्याला फक्त १,००० फोटो. २०१९ मध्ये मर्यादेबाहेरचे जुने फोटो पुसले जाऊ लागले. कोणीही मोफत वापरावेत अशा खुल्या परवान्याखाली ठेवलेल्या फोटोंना तेवढं वगळलं. लोक चिडले. पण त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीच्या प्रमुखांनी ग्राहकांना जाहीर पत्र लिहून सांगितलं की फ्लिकर अजूनही तोट्यात आहे, पैसे भरणारे सदस्य वाढले तरच चालेल. हा प्रामाणिकपणा मला आवडला. ‘माळ्याचं भाडं द्या, नाहीतर घर विकावं लागेल,’ असं मामाने तोंडावर सांगितलं.

होस्टिंगमध्ये तर याहून वाईट झालं. फोटोबकेटवर फोटो ठेवून ते आपल्या वेबसाइटवर दाखवायची पूर्वी सोय होती. लाखो लोकांनी तसंच केलं. जून २०१७ मध्ये अटी बदलल्या: बाहेर दाखवायचे तर वर्षाला जवळपास ४०० डॉलर. एका रात्रीत जगभरच्या वेबसाइटांवर फोटोंच्या जागी ‘खातं अपग्रेड करा’ अशी पाटी झळकायला लागली. दुकानातल्या वस्तूंचे, पाककृतींचे, मोटारदुरुस्तीच्या पायऱ्यांचे फोटो गायब. मजकूर तसाच, "खालील चित्रात दाखवल्याप्रमाणे" असं म्हणणारा. तुम्ही घरून लोणची-पापड विकत असाल आणि सगळ्या मालाचे फोटो एखाद्या फुकट होस्टिंगवर असतील, तर हे वाक्य पुन्हा वाचा.

"मग पैसे भरले की काळजी मिटली"

अर्धी मिटते. पैसे भरता तेव्हा तुम्ही पाहुणे राहत नाही, भाडेकरू होता. भाडेकरूला थोडा हक्क असतो, तक्रार ऐकायला माणूस असण्याची शक्यता वाढते आणि कंपनीलाही तुम्हाला ठेवण्यात रस असतो. दर फार नाहीत. भारतात गूगलच्या १०० जीबीला महिना १३० किंवा वर्षाला १,३०० रुपये पडतात. अॅपल ५ जीबी फुकट देतं आणि ५० जीबीला महिना ७५ रुपये घेतं.

पण भाडं थकलं की काय? कार्डाची मुदत संपते, बँक बदलते. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांबाबतचे नवे नियम लागू झाले तेव्हा कितीतरी लोकांची महिन्याची वर्गणी गुपचूप थांबली होती. फोटोंसाठी पैसे भरायचे तर वर्षाचे एकदम भरावेत असं मी सांगतो. स्वस्तही पडतं आणि विम्याच्या हप्त्यासारखी एक तारीख डायरीत लिहिता येते.

परदेशातल्या मुलांसाठी एक खाचखळगा. गूगलची विकत घेतलेली जागा कुटुंबातल्या आणखी पाच जणांना वाटून देता येते. पण कुटुंब एका देशातलं हवं असा नियम आहे. न्यू जर्सीतल्या लेकाने स्वतःच्या योजनेत नाशिकच्या आईबाबांना घ्यायचं म्हटलं तर जमत नाही. आईच्या नावाने भारतातच वेगळी घ्यावी लागते.

आणि भाडं वाढलं तर खोली बदलू, हे म्हणायला सोपं. गूगल टेकआउट नावाच्या सोयीने सगळे फोटो उतरवून घेता येतात. मी एकदा माझे उतरवले. कितीतरी झिप फाइली आल्या आणि प्रत्येक फोटोसोबत एक छोटी मजकुराची फाइल. तारीख, ठिकाण, मी लिहिलेली टीप त्या चिठ्ठीत. नव्या ठिकाणी फोटो चढवले तर कित्येकांची तारीख ‘आज’ झाली. स्थलांतर होतं, पण टेम्पोत भांडी पोचतात आणि चिठ्ठ्या रस्त्यात उडतात. जितके फोटो जास्त, तितका पाय अडकतो. कंपन्यांना हे कळतं.

"ते आपले फोटो बघतात का?"

माणूस बसून बघत नाही, यंत्र चाळतं. चेहरे ओळखून आत्याचे सगळे फोटो एकत्र दाखवतं ते याच चाळणीमुळे. फोटोंवरून जाहिराती दाखवत नाही असं गूगल सांगतं. मला जाहिरातीपेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटते.

बालशोषणाचं साहित्य पकडण्यासाठी ही यंत्रं फोटो तपासतात, आणि ते तपासायलाच हवं. पण यंत्राला आजी कळत नाही. गुजरातमधल्या एका संगणक अभियंत्याने लहानपणीचे फोटो ड्राइव्हवर चढवले. त्यात दोन वर्षांचा असताना आजी त्याला अंघोळ घालतेय असा एक होता. मे २०२३ मध्ये त्याचं खातंच बंद झालं, आणि त्यासोबत कामाचे ईमेलही. प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेलं, मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने गूगलला नोटीस काढली. पाटावर बसवून, तेल चोपडून न्हाऊ घातल्याचा फोटो आपल्याकडे कोणाच्या घरी नाही? पैसे भरणाऱ्याचं खातंही असं बंद होऊ शकतं.

यावर एक उपाय म्हणजे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन: फोटो तुमच्या फोनमध्येच कुलूपबंद होऊन जातो, किल्ली फक्त तुमच्याकडे, कंपनीलाही आत दिसत नाही. अॅपलने डिसेंबर २०२२ पासून हा पर्याय दिलाय, तो सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. एन्टेसारख्या सेवा मुळातच अशा चालतात. किंमत एकच. किल्ली हरवली तर फोटो परमेश्वरही उघडून देऊ शकत नाही. पासवर्ड विसरण्याचा इतिहास असलेल्यांनी विचार करावा.

"व्हॉट्सअॅपवर पाठवलेत की, तिथे राहतील"

नाही राहत. पोचवलेले फोटो व्हॉट्सअॅप आपल्या सर्व्हरवर जपून ठेवत नाही, आणि पाठवताना ते चेपून लहान करतं. फोनवर ठीक दिसतात, भिंतीवर लावायला छापले की चेहरे शिऱ्यासारखे. फेसबुकवरचे फोटोही मूळ दर्जाचे नसतात.

"त्यापेक्षा घरी हार्ड डिस्क घेतली की झालं"

माझ्या काकांचं हेच मत होतं. एकदा पैसे, कोणाची मिंधेगिरी नाही. काही हजारांत मोठी डिस्क येते, दहा वर्षांच्या भाड्याहून स्वस्त. खरंय. पण डिस्क म्हणजे यंत्र, आणि यंत्र कधीतरी पडतं, बिघडतं, चोरीला जातं. शिवाय काकूचं माहेर चिपळूणचं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चढलं तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटात लग्नाचे अल्बम होते. पाणी ओसरल्यावर आम्ही ते उघडले. पानं एकमेकांना चिकटलेली, सोडवली की चेहरे समोरच्या पानावर जायचे. काकूच्या आईचा एकच बरा फोटो वाचला, कारण तो भाच्याने कधीतरी मोबाइलवर काढून ठेवला होता आणि तो त्याच्या ईमेलमध्ये सापडला. डिस्क असती तर तिचंही त्या कपाटात हेच झालं असतं.

फोटोग्राफर लोकांमध्ये यासाठी तीन-दोन-एक नावाचा नियम चालतो, पीटर क्रोग या अमेरिकी फोटोग्राफरने तो रुजवला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आपल्यासाठी सोपं करायचं तर फोनमध्ये एक, कपाटातल्या डिस्कवर एक, क्लाउडवर एक. क्लाउड फुकट की पैशाचं, हा प्रश्न मग तितका जिवाचा राहत नाही. मामाने माळा विकला तरी घरी ट्रंक आहे. घरात पाणी शिरलं तरी माळ्यावर आहे.

मग पैसे कोणी भरावेत?

तीन-चार हजार फोटो आणि व्हिडिओंचा सोस नाही, अशांना १५ जीबी पुरते. वर्षातून एकदा झाडलोट करावी, बस. घरात लहान मूल आहे त्यांनी सर्वांत छोटी योजना सरळ घ्यावी. दोन तास निवडानिवड करून वाचवलेल्या शंभर रुपयांपेक्षा ते दोन तास महाग. धंद्याचे फोटो असतील तर फुकटवर विसंबूच नये, आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी तर क्लाउड आणि दोन डिस्क दोन्ही धरावं. ‘आयुष्यभर अमर्याद, एकदाच पैसे’ अशी जाहिरात दिसली तर कोठीतली कीड आठवावी. रोजचा खर्च एकदाच्या पैशात कोण भागवणार? नवरा-बायकोने एकमेकांच्या खात्याची पुढची सोयही लावावी. गूगलमध्ये अमुक महिने खातं निष्क्रिय राहिलं तर ते कोणाकडे जावं हे नेमता येतं, अॅपलमध्ये वारस नेमता येतो.

काकूने शेवटी पैसे भरले नाहीत. व्हॉट्सअॅपचा बॅकअप छाटल्यावर आणि टकलाचा व्हिडिओ उडवल्यावर आकडा ६१ वर आला, आणि तिच्या हिशोबाने दोन वर्षं तरी निघतील. डिस्क मात्र घेतली. दिवाळीत आणि गुढीपाडव्याला मी जाऊन नवे फोटो तिच्यावर उतरवतो. आईचा तो फोटो स्टुडिओतून आठ बाय दहाचा छापून आणला, तो देवघराशेजारी आहे. डिस्क कपाटात वरच्या खणात, पाणी चढलं तरी पोचणार नाही अशा जागी, जुन्या सुती रुमालात गुंडाळलेली. रुमालाला पिनेने चिठ्ठी लावलीय, तिच्या अक्षरात: "फोटो आहेत. चुंबक जवळ आणू नये." घरातल्या चुंबकाने काही होत नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही.